कर्नल किती दिवसांनी अपडेट करावा?

प्रश्न : माझ्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अपडेट्स वारंवार येतात. दर वेळी मशीन रीस्टार्ट करायलाच हवं का?

उत्तर : मूळ लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी निघते, तिच्यामागे धावू नका. डेबियन स्टेबलमध्ये (डेबियनच्या स्थिर आवृत्तीत) मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात, त्या मात्र घ्याच. महिन्यातून एक ठरलेली वेळ रीस्टार्टसाठी पुरते. अपवाद एकच : साध्या युजरला रूट (मशीनवरचे संपूर्ण) अधिकार मिळवून देणारा किंवा नेटवर्कवरून वापरता येणारा दोष. २०१६ मध्ये उघड झालेला 'डर्टी काऊ' हा कर्नलमधला दोष पहिल्या प्रकारचा होता. अशा वेळी थांबू नका, विशेषतः सर्व्हरवर अनेकांची खाती असतील तर.

पॅकेज बसलं म्हणजे काम झालं, हा गैरसमज फार महागात पडतो. रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालतो. 'यूनेम -आर' (uname -r) ही कमांड चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती दाखवते, ती देऊन खात्री करा.

'बूट' पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवण्याचा भाग) लहान असेल तर ते जुन्या कर्नलनी भरतं आणि नव्याची इनिटरॅमएफएस फाइल (मशीन सुरू होताना लागणारी) अर्धवट राहते. नको असलेली जुनी पॅकेजेस काढणारी 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' (apt autoremove) ही कमांड चालवा, पण नीट चालणारा आधीचा एक कर्नल ठेवाच. बिघडलं तर ग्रबमधून (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या मेन्यूतून) तोच निवडता येतो. बाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बांधले जात असतील, तर नव्या कर्नलची हेडर्स (त्या बांधणीला लागणाऱ्या फाइल्स) बसली आहेत ना, हे रीस्टार्टआधी पाहा.