ऑक्सिटोसिनच्या आधी एक्स-रे

ताई, तुमची स्लायडर (पाण्यातलं पाळीव कासव) मादी खात नाही, मागच्या पायांनी काच खरवडत होती आणि आता नुसती पडून आहे, हे वाचून आमची चिंगीच आठवली. खरवडणं, न खाणं इथपर्यंत ठीक. अंडी घालण्याआधी मादी तसं करतेच. पडून राहिली की मात्र थांबू नका, अंडी अडकलेली असू शकतात, डॉक्टरांकडे न्या. आणि ‘नर नाही तर अंडी कशी?’ असं कुणी विचारलं तर त्याला पोल्ट्रीतली कोंबडी दाखवा.

सांगलीत आम्ही ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथे एक्स-रे मशीन होतं. पण ‘कासवाला कशाला?’ म्हणत थेट ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) टोचलं. गोठ्यात ही बाटली ओळखीची, म्हणून इथेही तीच! औषध वाईट नाही, कासवांना ते सरड्या-इग्वानांपेक्षा चांगलं लागू पडतं. पण आधी अंगात पाणी, कॅल्शियम आणि ऊब हवी, शिवाय वाट मोकळी हवी, ते एक्स-रेत कळतं. चिंगीचं एक अंडं कमरेच्या हाडातून निघण्यापेक्षा मोठं होतं. कळा आल्या, अंडं आतच फुटलं. वर आम्हालाच ऐकवलं, ‘कासवं नाजूकच असतात.’ कागदावर औषधाचं नावसुद्धा नाही! नंतर दाखवलं ते पुण्याचे डॉक्टर किती मात्रा दिली विचारत होते आणि सांगलीच्या दवाखान्यात कुणी फोन उचलेना. तुम्ही प्रत्येक इंजेक्शनचं नाव, मात्रा, वेळ तिथेच लिहून घ्या.

ऑपरेशन म्हणजे पोटाखालचं कवच कापणारच असं नाही. काही वेळा मागच्या पायापुढच्या मऊ कातडीतूनही अंडी काढता येतात, हे आधी विचारा. कवच कापलं तर तुकडा परत बसवून इपॉक्सीने बंद करतात, पण भरायला वर्षभर किंवा जास्तही लागतं. माझं मत विचाराल तर (मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द त्यांचाच) अंडनलिका काढणारच असतील तर अंडाशयही काढायला सांगा. ते राहिलं तर पुढचे बलक पोटात सुटतात आणि आत सूज येते.

जाता जाता, जंतासाठी कुणी आयव्हरमेक्टिन काढलं तर हात धरा. कासवाला ते जीवघेणं ठरतं.

नेताना पाण्यात ठेवू नका. भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेल घाला, गाडीचा एसी बंद ठेवा. पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कासव बघतील का, ते निघण्याआधी फोन करून विचारा.