डॉक्टर निवृत्त झाले, आता गोळ्या थांबवू का?

प्रश्न : ताई, मला बायपोलर, म्हणजे मन कधी फार उधाणतं तर कधी फार खचतं तो आजार आहे. अकरा वर्षं एकाच डॉक्टरांकडे जात होते. रात्री दोनला मी माळा आवरायला काढला एवढं ऐकलं तरी आजार डोकं वर काढतोय हे ते ओळखायचे. आता ते निवृत्त झाले. नव्या मॅडमचं लक्ष कॉम्प्युटरकडे. पहिल्याच भेटीत माझी लिथियमची गोळी बदलायचं म्हणाल्या. सगळं पुन्हा सांगायचा जीवच होत नाही. सध्या बरी आहे, तर गोळ्याच बंद करू का? (नाशिक)

उत्तर : नाही. लिथियम एकदम सोडलं की आजार उलटण्याची भीती असते. आज बरं वाटतंय ते कदाचित त्या गोळीमुळेच.

घरचे म्हणत असतील, 'डॉक्टरच तर बदललेत!' म्हणू देत. ज्यांच्यापुढे अकरा वर्षं मन मोकळं केलं, ते गेल्यावर पोकळी जाणवणारच. नव्या मॅडमची त्यांच्याशी तुलना होणं साहजिक आहे, पण पहिल्या भेटीत जुन्या डॉक्टरांना तरी माळ्याचं कुठे ठाऊक होतं? ते तुम्हीच सांगितलंत.

तेव्हा तोंडी सगळं उगाळत बसू नका, एक कागद लिहून न्या. सर्वात वर माळा, म्हणजे आजार डोकं वर काढतो तेव्हाच्या खुणा. खाली कोणत्या गोळ्या झाल्या, कुठली सोसली नाही, लिथियमची रक्तातली शेवटची लेव्हल, थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे (म्हणजे किडनीच्या तपासणीचे) रिपोर्ट. जुन्या दवाखान्यातून कागदपत्रांच्या प्रती मागा. संकोच कसला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे.

गोळी का बदलायची, हे मॅडमना सरळ विचारा. लिथियमचा किडनीवर, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे कारण रास्तही असेल. पण ते तुम्हाला समजेल असं सांगणं त्यांचं काम आहे. आणि 'मॅडम, दोन मिनिटं माझ्याकडे बघून ऐकाल का?' असंही म्हणा. आपल्याकडे डॉक्टरांना असं बोलायला जीभ रेटत नाही, पण बहुतेक डॉक्टर चटकन स्क्रीनवरून नजर काढतात. नाहीच काढली, तर तेही कळलं.

दोन-तीन भेटी द्या. नाही जुळलं तर खुशाल दुसरे डॉक्टर शोधा, फक्त ते मिळेपर्यंत गोळी आणि रक्ततपासणी चुकवू नका. मधेच झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.