औंधचं श्री भवानी संग्रहालय: अर्ध्या दिवसात काय आणि कसं पाहावं

तुमचे प्रश्न दोन: कास-सातारा फिरताना औंधला वाकडी वाट करावी का, आणि मुलांसह अर्ध्या दिवसात तिथलं संग्रहालय उरकेल का. जरूर करा. मात्र ‘उरकायला’ जाऊ नका, आत किमान अडीच-तीन तास हाताशी ठेवा.

आधी एक खबरदारी. नकाशात नुसतं ‘औंध’ टाकलंत तर पुण्याचं उपनगर निघतं. आपलं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४०-४५ किलोमीटर. गावातही यमाईचं देऊळ आहे, पण संग्रहालय तिथे नाही. ते मूळपीठाच्या, म्हणजे यमाईचं मूळ देऊळ असलेल्या डोंगरावर, चढणीच्या वाटेत लागतं. सोमवारी जाऊ नका, तो शासकीय संग्रहालयांचा सुट्टीचा वार. इतर दिवशीही निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. नवरात्रात आणि यात्रेच्या दिवसांत डोंगरावर गाड्यांची गर्दी होते, ते दिवस टाळा. पाणी सोबत ठेवा, तिकिटासाठी सुटे पैसेही.

वेळ सकाळची धरा. ही इमारत वरून येणाऱ्या नैसर्गिक उजेडाचा विचार करून बांधलेली आहे. पावसाळी दुपारी किंवा मावळतीकडे गडद तैलचित्रांतले बारकावे बुडून जातात. कास करून संध्याकाळी औंध, हा क्रम म्हणूनच चुकीचा. आधी औंध ठेवा.

संग्रह कुणाचा हे लक्षात घेतलंत तर दालनं उलगडतात. औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. त्यामुळे इथे इतर सरकारी संग्रहालयांत असतो तसा सगळ्याचा थोडा थोडा नमुना नाही, एका चित्रकाराची निवड आहे. महाभारताच्या सचित्र चिकित्सक (हस्तलिखितं ताडून केलेल्या) आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ करणारे तेच. पौराणिक विषयांची इथली गर्दी ही राजवाड्याची सजावट समजून पुढे सरकू नका.

बहुतेक जण थेट राजा रविवर्म्याकडे धावतात. माझं मत उलट आहे: डोळे ताजे असताना लघुचित्रं पाहा. मोठ्या कॅनव्हासांनंतर तळहाताएवढ्या चित्रात नजर स्थिरावायला फार वेळ लागतो. लघुचित्र हातात धरून पाहण्यासाठी केलेलं असतं, म्हणून २५-३० सेंटिमीटरवरून पाहा. तीन ते पाच पट मोठं दाखवणारं साधं भिंग न्या, पण काचेला टेकवू नका. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर त्याचं कारण बहुधा तुमचा पांढरा सदरा. गडद कपडे घालून गेलात तर निम्मा त्रास तिथेच संपतो. मोबाइलचा टॉर्च लावू नका. कागदावरच्या कामासाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड सुरक्षित धरतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. अंधुक वाटलं तर मिनिटभर थांबा, डोळे सरावतात.

मग तैलचित्रं. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि ‘दमयंती’, शिवाय धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर. रविवर्म्याची चित्रं आपण कॅलेंडरांवर इतकी पाहिलेली असतात की मूळ चित्रासमोरही छापील चित्रच आठवतं. १८९४मध्ये सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून निघालेल्या ओलिओग्राफवर (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रतींवर) दगडी छपाईचे बारीक ठिपके असतात. मूळ चित्रात कुंचल्याचे फटकारे असतात. वस्त्राच्या काठावर, दागिन्यांच्या चमकत्या टोकांवर रंगाचा जाड थर दिसतो, तर सावलीत तो पातळ होत जातो. हे समोर उभं राहून दिसत नाही, वार्निशवर उजेड चकाकतो. दोन पावलं बाजूला सरका किंवा थोडं खाली वाका, चकाकी चित्रावरून हलते. आधी चित्राच्या उंचीच्या दुपटीएवढ्या अंतरावरून रचना पाहा, मग जवळ जा. एकूण पिवळट छटा दिसली तर ती चित्रकाराचीच असेल असं नाही, जुनं वार्निश काळाने पिवळं पडतं.

पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती पाहून ‘नकला आहेत’ म्हणत पुढे जाऊ नका. युरोपला जाणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्यासाठी त्या काळी हेच साधन होतं. त्यानंतर लगेच ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प पाहा. आधी मातीत नमुना करून तो दगडात उतरवण्याऐवजी मूर थेट दगडात कोरण्याचा आग्रह धरत असे. म्हणून आकार दगडाच्या ठोकळ्याला धरून राहतो. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हे शिल्प आहे हे अनेक मराठी कलाप्रेमींनाही ठाऊक नसतं, याची मला खरोखर खंत वाटते. शक्य तितक्या बाजूंनी पाहा.

मुलांचं म्हणाल तर सगळं दाखवायचा हट्ट सोडा. चार-पाच कलाकृती निवडा, प्रत्येकीसमोर पाच मिनिटं. पाटी नंतर वाचा. आधी मुलांना विचारा: उजेड कुठून येतोय, कोण कुणाकडे बघतंय, चित्रातल्या कुणाला काय माहीत नाही? सैरंध्रीची कीचकाकडे पाठवणी त्यांना आधी गाडीतच सांगून ठेवा. गोष्ट माहीत असली की चेहऱ्यावरची भीती ती आपणहून शोधतात.

फोटोची परवानगी गृहीत धरू नका, दारातच विचारा. वही आणि पेन्सिल न्या. पेन न्यायचं टाळा, शाईचा डाग कलाकृतीवर पडला तर निघत नाही. आवडलेल्या कलाकृतीचा पाटीवर नोंदणी क्रमांक असेल तर नावासोबत तोही लिहून घ्या. पुढे अधिक माहिती हवी असल्यास कर्मचाऱ्यांना त्यावरून शोधणं सोपं जातं. एखादं दालन बंद असेल किंवा चित्र जागेवर नसेल तर तिथल्या माणसांना नीट विचारा. कागदावरची कामं उजेडापासून जपण्यासाठी अधूनमधून आत ठेवावीच लागतात.