पोहणं आणि स्ट्राँगमनसारखा व्यायाम एकत्र केला तर चालेल का?

तुम्ही आठवड्यातून तीनदा पोहता, आता गोणी उचलणं, वजन घेऊन चालणं असला स्ट्राँगमनवाला व्यायाम सुरू करायचाय, आणि जिममधले मित्र म्हणतात पोहण्याने कमावलेली ताकद जाते. मी गेली काही वर्षं दोन्ही करतोय. जात नाही.

एडी हॉलचं बघा. २०१६ साली इंग्लंडमधल्या लीड्सला ५०० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं) मारणारा, २०१७ चा ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’. हा गडी शाळकरी वयात राष्ट्रीय पातळीवर पोहायचा. (त्याचा खुराक मात्र आपल्या खिशाला झेपणारा नाही.)

पाणी अंग पेलतं, म्हणून गुडघे-कंबर न दुखवता दम वाढतो. पण त्यामुळेच हाडांवर भार येत नाही. तो भार गोणी देते. शिवाय पोहताना वजन सावकाश खाली सोडायचा प्रकार नसल्याने अंग फारसं धरत नाही. जड व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास आरामात पोहा, आखडलेलं अंग मोकळं होतं.

जपायचा तो खांदा. २५ मीटरच्या टँकमध्ये एका लांबीला वीसेक हात धरले, तरी किलोमीटरला ८०० हात होतात, म्हणजे प्रत्येक खांदा ४०० वेळा फिरतो. त्यावर लगेच डोक्यावर लॉग (ओंडक्यासारखं वजन) किंवा बार ढकलायचा म्हणजे थकलेल्या सांध्यालाच पुन्हा कामाला जुंपणं. त्यामुळे ओव्हरहेडच्या, म्हणजे डोक्यावर वजन ढकलायच्या दिवशी आणि आदल्या दिवशी फ्रीस्टाइल लांबवर मारू नका; टँकवर गेलातच तर नुसते पाय मारा. आणि जितकं ढकलाल त्याहून जास्त ओढा. रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), फेस पुल (दोरी चेहऱ्याकडे ओढणं) यांचा कंटाळा करू नका.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती हातांची. टँकमधून निघाल्यावर तळव्यावरचे घट्टे भिजून पांढरे, मऊ पडलेले असतात. तशात फार्मर्स वॉकचं (दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचं) खरबरीत हँडल धरलं की कातडं सोलून येतं, आणि पुढचे चार दिवस क्लोरीन असं झोंबतं की विचारू नका. एकाच दिवशी दोन्ही करायचं तर आधी वजन, मग पाणी. घट्टे अधूनमधून वज्रीने घासून सपाट ठेवा.

सामानावर खर्च करू नका. २० लिटरचे मुठीचे दोन कॅन भरून दोन्ही हातांत घ्या आणि तीस-चाळीस मीटर ताठ चाला. वाळू आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग गोणीत भरा, नाहीतर घरभर वाळू आणि बायकोची बोलणी. २५ किलोपासून सुरुवात पुरे; छातीशी कवटाळून उचला, पाठ गोल होऊ देऊ नका. आपल्याकडे हे काही नवं नाही, जेजुरीला मर्दानी दसऱ्याला ४२ किलोचा खंडा (तलवार) उचलायची स्पर्धा असतेच की.

तुमच्या तीनपैकी पोहण्याचा एक दिवस कमी करा, वजनाचे दोन घाला. पोहण्याच्या उरलेल्या दोन दिवसांत एकदा जोरात, दमवून, आणि एकदा निवांत. रविवारी झोपा.

बीपी असेल तर जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचाराच, कारण श्वास रोखून जोर लावला की दाब एकदम चढतो. आणि वजन मारून आल्यावर टँकमध्ये पाण्याखाली दम कोंडायच्या पैजा लावू नका. शुद्ध हरपते तेव्हा आधी काही जाणवतसुद्धा नाही.