मोरोक्को एका दिवसात: आधी पासपोर्ट उघडा, मग बस बुक करा

स्पेनच्या प्रवासात मधला एक दिवस टँजियर, कासाब्लांकात मुक्काम असेल तर एक दिवस फेज किंवा माराकेश. गाइडसह जाणाऱ्या अशा बस सहलींबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येतात आणि त्यातले बरेचसे 'ग्रुपबरोबर गेलं की व्हिसा लागत नाही' या एकाच गैरसमजातून आलेले असतात. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देते आहे.

प्रश्न : कासाब्लांकाहून फेज एका दिवसात बघून परत येता येईल का? (नाशिक)

येतं, पण मी सुचवणार नाही. अंतर साधारण ३०० किलोमीटर. महामार्ग उत्तम आहे, तरी एका बाजूला साडेतीन तास धरा, चहापाण्याचे थांबे वेगळे. म्हणजे सात-आठ तास बसमध्ये जाणार आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या जुन्या शहराच्या वाट्याला जेमतेम चार तास येणार. रबातहून अंतर २०० किलोमीटरच्या आसपास आहे, तिथून एका दिवसात जमतं. सगळ्यात चांगलं म्हणजे रेल्वेने फेजला जा आणि एक रात्र राहा.

बसनेच जायचं ठरलं असेल, तर एक गोष्ट आधी विचारून घ्या: उतरवणार कुठे आणि परत घेणार कुठे? जुन्या फेजमध्ये, म्हणजे फेस अल-बालीमध्ये, गाडी शिरतच नाही. माल खेचरांवरून येतो, मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की लगेच भिंतीला चिकटायचं. बू जलूदच्या निळ्या दरवाजापासून ताला कबीराची गल्ली उतरत उतरत बू इनानिया मदरसा, अत्तारीन मदरसा आणि शेवटी करावीयीन या मशीद-विद्यापीठापर्यंत जाते. करावीयीनची स्थापना परंपरेनुसार फातिमा अल-फिहरी या बाईंनी ८५९ साली केली. हा उतार चालायला सुखाचा आहे. पण बस पुन्हा निळ्या दरवाजाशीच उभी असेल, तर तेवढंच चढून यावं लागतं. चांगले आयोजक खालच्या र्सीफ चौकातून प्रवाशांना घेतात.

प्रश्न : दिरहम भारतातूनच घेऊन जावेत का? (सांगली)

नको. युरो न्या, तिथे बदला आणि पावती जपून ठेवा. दिरहम देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आहे.

प्रश्न : आम्ही दोघं जूनमध्ये मुलीकडे माद्रिदला जाणार आहोत, तिथून चार दिवस मालागाला. तिथली कंपनी टँजियरची एक दिवसाची सहल देते. माहितीपत्रकात 'फक्त पासपोर्ट आणा' असं लिहिलं आहे. आमचे एजंटही म्हणतात, ग्रुपबरोबर गेलं की व्हिसा लागत नाही. खरं का? (पुणे)

खोटं आहे. याचं उत्तर सविस्तर देते, कारण या एका सहलीपायी माणसं खरोखर अडकतात.

'फक्त पासपोर्ट आणा' ही ओळ युरोपीय आणि ब्रिटिश पर्यटकांसाठी लिहिलेली असते. त्यांना मोरोक्कोत व्हिसा लागत नाही. तुमच्या हातात भारतीय पासपोर्ट आहे. तुम्ही सहा तास थांबा नाहीतर सहा दिवस, ग्रुपमध्ये असा नाहीतर एकटे, मोरोक्कोचा व्हिसा लागतोच. २०२२ पासून तो ऑनलाइन मिळतो. ही झाली पहिली सीमा.

दुसऱ्या सीमेकडे कुणाचं लक्षच जात नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे. स्पेनच्या तारीफा बंदराहून टँजियरला बोट तासाभरात पोहोचते, म्हणून लोकांना ते स्पेनचंच एक टोक वाटतं. पण तारीफाच्या बंदरात अधिकाऱ्याने पासपोर्ट तपासला की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, पडल्याची नोंद होते. संध्याकाळी परत याल तो नवा प्रवेश. तुमच्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा रकाना असतो. तिथे '१' असेल, तर तो एक प्रवेश माद्रिदच्या विमानतळावर उतरलात तेव्हाच संपला.

'पण व्हिसाची मुदत ऑगस्टपर्यंत आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता आधीच सांगून टाकते: मुदत वेगळी आणि प्रवेश वेगळे. मुदत शिल्लक असली तरी एकदाच प्रवेशाचा व्हिसा वापरून झाला की परतीचा रस्ता बंद. तारीफातच कुणी अडवलं तर नशीब समजा, फक्त सहलीचे पैसे जातील. तिथून निसटलात तर संध्याकाळी टँजियरमध्ये परतीच्या बोटीवर घेणार नाहीत. सामान मालागाच्या हॉटेलात, औषधं त्या सामानात, मुलगी माद्रिदला आणि तुम्ही दोघं बंदरावर. परक्या देशातून नवा शेंगेन व्हिसा मिळवणं फार अवघड असतं. बहुतेकदा आखाती देशामार्गे थेट भारतात परतण्याचं तिकीट काढणं एवढंच उरतं.

रकान्यात '२' असेल तरी मोजून बघा. युरोपच्या दौऱ्यात मधे लंडन करून आला असाल, तर दुसरा प्रवेश तिथेच खर्च झालेला आहे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, ते यात मोजायचं नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनबाहेर आहेत. 'मल्ट' लिहिलं असेल तर प्रवेशांची चिंता नाही, फक्त राहण्याचे दिवस मोजा. काही बसगाड्या सेउता या स्पॅनिश शहरातून तेतुआनला जातात. 'सेउता तर स्पेनच आहे' असं सांगितलं जातं, पण तेतुआन मोरोक्कोत आहे, त्यामुळे नियम तोच. 'आमचा शिक्का कुणी बघितला नाही' अशा गोष्टींवरही विसंबू नका. ऑक्टोबर २०२५ पासून या सीमांवर येण्या-जाण्याची इलेक्ट्रॉनिक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे.

तुमच्या मुलीकडे स्पेनचा वैध निवास परवाना असेल, तर तिला परत येताना अडचण नाही. मोरोक्कोचा व्हिसा मात्र भारतीय पासपोर्टवर तिलाही लागेल. आणि म्हणूनच अशा कुटुंबांत घोटाळा होतो: मुलं सहज जाऊन आलेली असतात आणि तोच सल्ला आई-वडिलांना देतात.

तुम्ही अजून शेंगेनचा अर्ज केला नसेल, तर कार्यक्रमात मोरोक्कोचा दिवस स्पष्ट लिहा, आरक्षण जोडा आणि एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करा. व्हिसा आधीच हातात असेल, तर स्टिकरचा फोटो घेऊन व्हिसा केंद्राला किंवा वकिलातीला ईमेलने विचारा; एजंटने फोनवर दिलेली हमी सीमेवर कामाला येत नाही. लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. '१' असेल तर मालागाहून कोर्दोबाला जा. तिथली मेस्कीता (जुनी मशीद, आता कॅथेड्रल) बघायला कुठलीही सीमा ओलांडावी लागत नाही.

प्रश्न : ड्रोन नेता येईल का? (कोल्हापूर)

नाही. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन कस्टम्समध्येच काढून घेतात.

प्रश्न : मैत्रिणीच्या ग्रुपला फेजमध्ये गाइडने गालिच्याच्या दुकानात दीड तास बसवलं. हे टाळता येतं का? (ठाणे)

टाळता येतं, पण ते बुकिंगच्या वेळीच. कार्यक्रमपत्रिकेत 'हस्तकला केंद्राला भेट', 'सहकारी संस्थेत प्रात्यक्षिक' असे शब्द दिसले, की तिथे किती मिनिटं जाणार ते लेखी मागा. अतिशय स्वस्त सहलीचा उरलेला खर्च अशाच दुकानांच्या कमिशनमधून निघतो. चार तासांतला दीड तास असा जाणं मला मुळीच पटत नाही. तो तुमचा वेळ आहे आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत.

शुआरा चर्मालयाचं मात्र वेगळं आहे. तिथले कातडी कमावण्याचे कुंड वरून बघायचे तर चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरूनच दिसतात. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरून कातडी मऊ करतात, त्याचा वास उग्र असतो, म्हणून दारात पुदिन्याची काडी हातात देतात. घ्या, बघा, थोडी बक्षिसी द्या. खरेदीची सक्ती नाही.

'कॅक्टस सिल्क' म्हणून दाखवतात ते कापड बहुतेक वेळा रेयॉन असतं. आवडलं तर रेयॉनच्या भावाने घ्या. गालिचा 'घरपोच पाठवतो' असं म्हणाले, तर भारतात त्यावर किती कर पडेल हे कस्टम्सच्या जाणकाराला आधी विचारा. आणि गाइडच्या गळ्यात पर्यटन मंत्रालयाचं फोटो असलेलं ओळखपत्र आहे ना, हे सुरुवातीलाच बघा.

प्रश्न : मशिदी आतून बघता येतात का? (नागपूर)

मुस्लिमेतरांना नाही. करावीयीनही दारातूनच बघायची. मदरशांत जाता येतं. अपवाद कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीचा. तिथे ठरलेल्या वेळी गाइडसह आत नेतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. बसच्या सहलीतलं जेवण आणि चालणं झेपेल का? (डोंबिवली)

सहलीतल्या जेवणात 'भाज्यांचा कुसकुस' येईल, पण तो बहुधा मांसाच्या रश्श्यावर शिजवलेला असतो. हरीरा सूपमध्येही मांस घालतात. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही; मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, असं आयोजकाला आधी लिहून कळवा. झालूक हा वांगं-टोमॅटोचा प्रकार आपल्या भरताच्या जवळचा आहे, रोटीसारख्या खोब्जबरोबर पोट भरतं. बिस्सारा हे वाळलेल्या फावा शेंगांच्या दाण्यांचं सूप. मात्र जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी ते अजिबात घेऊ नये. घरात कुणाला तशी शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुदिन्याचा चहा फार गोड असतो. 'ब्ला सुक्कर' म्हणजे बिनसाखरेचा, एवढं सासूबाईंना शिकवून ठेवा.

फेजच्या उताराला आणि गुळगुळीत फरशीला गुडघा तयार आहे का, हे त्यांचे अस्थिरोगतज्ज्ञच सांगू शकतील. औषधं आणि खाऊ बसमध्ये ठेवू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बस चार तास दिसणार नाही.

प्रश्न : रमजानमध्ये सहल घ्यावी का? (गोवा)

घ्या, पण वेळा नव्याने विचारा. मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ एक तास मागे घेतं. दुपारी बरीच उपाहारगृहं बंद असतात आणि सूर्यास्ताला सगळे इफ्तारला बसतात. एरवीही शुक्रवारी जुन्या बाजारातली अनेक दुकानं बंद असतात, तेव्हा तो वार टाळा.

प्रश्न : टँजियरमध्ये बंदर आणि उंटाची फेरी सोडून काही आहे का? (नंदुरबार)

तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३०४ साली टँजियरमध्ये जन्मला. तो दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाकडे काझी होता, आणि पुढे दक्षिणेकडे जाताना दौलताबाद व तुमच्या नंदुरबारवरूनच गेला. दोन्हींचं वर्णन त्याने केलं आहे. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर जुन्या शहराच्या गल्लीत आहे. बसच्या सहलीत ती सहसा नसते. गाइडला सकाळीच सांगा, परतीच्या घाईत कुणी थांबणार नाही.

प्रश्न : सहल पुढच्या सोमवारी आहे, ई-व्हिसा अजून काढलेला नाही. एक संकेतस्थळ 'दोन तासांत हमखास' म्हणतं. (मुंबई)

एवढे दिवस कशासाठी थांबलात? सरकारी संकेतस्थळावर साध्या अर्जाला ७२ तास आणि तातडीच्या अर्जाला २४ तास सांगितले आहेत, तेही कामकाजाचे. शनिवार-रविवार त्यात धरू नका. दोन तासांची हमी देणारी संकेतस्थळं मधल्यांची असतात, तुमच्याकडून जास्त पैसे घेऊन तोच अर्ज भरतात. आज सरकारी संकेतस्थळावर तातडीचा अर्ज करा, पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर तपासा, आणि सहल रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख कंपनीकडून लेखी घ्या. त्या तारखेपर्यंत व्हिसा आला नाही, तर सहल रद्द करा.