जमीन विकावी लागेल का, मॅडम?

“मॅडम, एकच विचारतो. जमीन विकावी लागेल का?”

ऑगस्ट 2022. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार माझ्यासमोर बसले होते. शेजारी त्यांची मुलगी, बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला. वडील बोलत असताना ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती. (घराची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

नाशिकमध्ये परदेशी शिक्षणाची चौकशी करायला माझ्याकडे जी घरं येतात, त्यांच्या मनात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. कुणी विचारतं, फ्लॅट गहाण टाकावा लागेल का. कुणी विचारतं, मग धाकट्याच्या शिक्षणाचं काय. मुलं हे विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, कुठला देश चांगला. घरात दोन वेगळ्या विषयांवर बोलणं चालतं आणि शेवटी ‘बघू पुढे’वर गाडी थांबते. तेवढ्यात शेवटचं वर्ष संपतं.

वडिलांच्या डोक्यात चाळीस लाख हा आकडा होता. गावातल्या कुणाचा तरी मुलगा अमेरिकेला गेला होता, त्याच्या घरून हा आकडा आला होता. शिवाय शहरातल्या एका मेळाव्यात एजंटाने पन्नास हजार भरून ‘सीट पक्की’ करायला सांगितलं होतं. कोर्स कुठला, हे त्या पावतीच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, “काका, पैशाचं नंतर बघू. आधी हिला बोलू द्या.” आणि तिला विचारलं, “तुला नेमकं काय शिकायचंय?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “2010 साली आमचा माल अडकला होता.”

नाशिककरांना ते वर्ष सांगावं लागत नाही. आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत ते नव्हतंच. ती तेव्हा आठ वर्षांची होती. त्या जूनमध्ये नवं दप्तर मिळालं नाही, एवढंच तिला आठवत होतं. कारण कॉलेजात गेल्यावर समजलं.

“मॅडम, यादीत काय घालायचं हे तिकडे कोण ठरवतं? कसं ठरवतं? मला ते शिकायचंय.”

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते, कारण यानंतरचं बोलणं सोपं होतं. ‘परदेशी जायचं’ याला बजेट नसतं. ‘पीक संरक्षण आणि अंश-तपासणी शिकायची’ याला असतं.

मी एक मोठा कागद घेतला आणि तीन रकाने आखले: तारीख, कागदपत्र, पैसे. आजही प्रत्येक घराबरोबर मी याच पद्धतीने बसते. संगणकावर करत नाही. तो कागद घरी जाऊन देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटावर चिकटलेला बरा.

विषय ठरल्यावर विद्यापीठं शोधायला वेळ लागला नाही. नेदरलँड्समधल्या वॉखनिंगनला अन्नसुरक्षेची एम.एस्सी. आहे, विषय अगदी तिच्या मनातला. पण युरोपबाहेरच्या मुलांना तिथली फी तेव्हा वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास. जर्मनीत गॉटिंगनला पीक संरक्षणाची एम.एस्सी. इंग्रजीतून होते आणि विद्यापीठ सरकारी असल्याने शिकवणी फी नाही. दर सहामाहीला काहीशे युरोंचं शुल्क असतं, तेवढंच. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत हीच पद्धत आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्यांकडून सहामाहीला 1500 युरो घेतं. मेळाव्यातल्या एजंटाने ही विद्यापीठं सांगितली नव्हती. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठाकडून सहसा कमिशन मिळत नाही, मग ते नाव निघणार कसं? म्हणून मी मुलांना सांगते, कोर्सची माहिती विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर वाचा, आणि स्वतः वाचा.

पैशाच्या रकान्यात मी पहिला आकडा लिहिला 10,332 युरो. तेव्हाच्या दराने सव्वाआठ लाखांच्या वर. काकांचा चेहरा उतरला.

“काका, ही फी नाही. हा तिचा वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च. व्हिसाआधी तो एका बंद खात्यात भरायचा. खातं तिच्याच नावावर. तिथे पोचली की दर महिन्याला 861 युरो तिलाच मिळणार.”

“म्हणजे पैसे आपलेच?”

“तुमचेच.”

खिशातून औषधाच्या दुकानाची पावती काढून पावतीच्याच कोऱ्या बाजूवर त्यांनी हिशेब सुरू केला. चाळीस लाखांचं ओझं त्या पावतीवर दोन वर्षांच्या राहण्याखाण्याचं, तिकिटाचं, विम्याचं आणि परीक्षा-अर्जांच्या फीचं झालं. रक्कम लहान नव्हतीच. पण ती आता दिसत होती, आणि दिसणाऱ्या रकमेचे तुकडे पाडता येतात. एका हंगामाचे किती, कर्ज किती, मामा किती देईल, असं ते स्वतःच बोलू लागले.

आता जमिनीचं. काकांचा समज असा की बँक सातबारा मागेल. प्रत्यक्षात शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेतच नाहीत. कर्ज थकलं तर बँकांना ज्या सरफेसी कायद्याने थेट जप्ती आणता येते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव लागते. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. ज्या पाच एकरांच्या काळजीने या माणसाला झोप नव्हती, ते बँकेला नकोच होते. त्यांना हे खरं वाटेना. मी म्हटलं, “उद्या तुमच्याच शाखेत जाऊन विचारा.” ते गेले. संध्याकाळी फोन आला, “बरोबर आहे मॅडम.”

शिष्यवृत्तीवर आम्ही बराच वेळ घालवला. पुढे ‘सारथी’ या मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्तीही पाहिली, पण तिथे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आडवी आली. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्या शिष्यवृत्तीला पात्र असूनही अर्ज न केलेली मुलं भेटली की मला फार वाईट वाटतं. सयाजीराव मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. 1863 साली शेतकरी घरात जन्मलेला हा मुलगा बडोद्याला दत्तक गेला, आणि पुढे त्यांच्याच शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ‘हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी कवळाण्याचं नाव घेते.

इंग्रजीची तिला धास्ती होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पण पीएचआय म्हणजे काय हे तिने मला इंग्रजीत न अडखळता समजावलं: शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, कुठल्या औषधाला किती आणि का. स्वतःच्या विषयावर ज्याला बोलता येतं, त्याला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जमते. सहा महिने रोज एक तास, एवढंच ठरवलं. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून परीक्षा शेवटच्या वर्षासाठी ठेवली.

दोन वर्षं आधी सुरुवात का करायची, ते पुढच्या काही महिन्यांत नियमांनीच दाखवलं. नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सक्तीचं झालं. ते आमच्या कागदावर नव्हतं. जानेवारी 2023 मध्ये बंद खात्याची रक्कम 11,208 युरो झाली. तोवर युरोही महागला आणि व्हिसाच्या वेळी त्याच ओळीपुढे दहा लाख लिहावे लागले. (सप्टेंबर 2024 मध्ये बंद खात्याची रक्कम 11,904 युरो झाली.) ऐन वेळी आलेलं एखादं घर या वाढीने मोडलं असतं. यांच्या हातात मधला एक संपूर्ण द्राक्ष हंगाम होता. जुनी रक्कम खोडून काकांनी नवी लिहिली आणि खाली लिहिलं, ‘मामा – दीड लाख’.

दरम्यान तिने दोन सुट्ट्या एका पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल निवडून पॅक होतो तिथे, काम केलं, मालाचे नमुने घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत. अर्जाबरोबरच्या पत्रात गुणांपेक्षा याच अनुभवाबद्दल तिने जास्त लिहिलं. ऑक्टोबर 2024 मध्ये ती गॉटिंगनला गेली. जमीन आहे तिथेच आहे.

जानेवारी 2025 मध्ये तिचे आजोबा वारले. पहिली सहामाही चालू होती, परीक्षा तोंडावर होत्या, तिकीट परवडणारं नव्हतं. काका तिला म्हणाले, “येऊ नको, अभ्यास कर.” दशक्रिया विधी रामकुंडावर झाला. चुलतभावाने फोन धरला होता आणि ती तिकडच्या पहाटे खोलीत बसून बघत होती. चार दिवसांनी तिने मला फोन केला. फारसं बोलली नाही. म्हणाली, “मॅडम, याचा विचारच केला नव्हता.”

विचार मीही केला नव्हता. तीन रकाने आखले, त्यात विम्याचे पैसेसुद्धा लिहिले, पण चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा घरात आहे, हे माहीत असून त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. दुःख टळलं नसतं. पण यायचं की नाही हे तिने ठरवलं असतं, तिकिटाच्या भावाने नव्हे.

ती आता प्रबंध लिहिते आहे, विषय अंश-मर्यादांचाच. मी अजूनही नाशिकच्या मुलांना ‘जा’ म्हणते, आणि दुसऱ्या वर्षातच तयारीला लागा म्हणते. फक्त कागदावर आता चौथा रकाना असतो: ‘घरी काही झालं तर’. तो लिहायला घेतला की खोलीत थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

मागच्या महिन्यात सिडकोतलं एक कुटुंब आलं होतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आई शिवणकाम करते, घरात आजी. चौथ्या रकान्यापाशी मुलाने पेन खाली ठेवलं. आईने ते उचललं आणि लिहिलं: ‘तिकिटाचे सत्तर हजार. वेगळं खातं. कोणीही हात लावायचा नाही.’