सुवॉनला राहून कोरियाची पारंपरिक तिरंदाजी छंद म्हणून शिकता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांसाठी सुवॉनला आला आहात, वय ४२, धनुष्य कधी हातात धरलेलं नाही, कोरियन भाषा कामापुरती येते. तर इथली जुन्या पद्धतीची तिरंदाजी जमेल का, खर्च किती, आणि पुण्याला परतल्यावर तिचं काय करायचं?

मी बरीच वर्षं कोरियात राहतो आणि घराजवळच्या मैदानावर नियमित जातो, म्हणून सविस्तर लिहितो. जमेल, अगदी नक्की जमेल. फक्त सुरुवात धनुष्याच्या खरेदीपासून करू नका. घरापासून चालत किंवा एका बसने पोचता येईल असं मैदान आधी शोधा. या छंदात माणूस टिकतो तो मैदानामुळे. तासाभराचा प्रवास असलेल्या ठिकाणी नाव घातलं की पहिल्या पावसाळ्यातच जाणं सुटतं, मग तिथले गुरुजी कितीही नावाजलेले असोत. इथल्या तिरंदाजांच्या मैदानाला ह्वालतो म्हणतात आणि बहुतेकांच्या नावाशेवटी 'जोंग' असतं. देशभर अशी शेकडो मैदानं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक शहरात एखादं तरी सापडतं.

टीव्हीवर दिसणाऱ्या ऑलिंपिक तिरंदाजीशी हिची गल्लत करू नका. कोरियन मुली ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण १९८८ पासून एकदाही सोडत नाहीत, हे खरं. पण तो खेळ वेगळा. तिथे अंतर ७० मीटर, धनुष्यावर नेम धरायचं साधन, आणि लक्ष्यावर १ ते १० गुणांची वर्तुळं. इथे अंतर १४५ मीटर. लक्ष्य म्हणजे २ मीटर रुंद आणि २.६७ मीटर उंच असा फळा, मागे १५ अंश कललेला. त्यावर काळा चौकोन आणि लाल गोल रंगवलेला असतो, पण तो फक्त नजरेसाठी. बाण गोलात लागला काय किंवा फळ्याच्या अगदी कोपऱ्याला घासला काय, दोन्ही सारखेच. लागला किंवा नाही लागला, एवढंच मोजतात. धनुष्यावर नेम धरायला काहीही नसतं.

नवख्या माणसाला वाटतं, एवढा मोठा फळा, मग काय अवघड आहे? १४५ मीटरवरून तो डोळ्यांना टपाल तिकिटाएवढा दिसतो. शिवाय बाण कमानीसारखा वर चढून खाली येतो. त्याला पोचायला अडीच-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात वारा त्याला कुठेही नेऊ शकतो. बाणाचं टोक बोथट असतं, त्यामुळे तो फळ्यात रुतत नाही, आपटून मागे पडतो. बाण आदळलेला आधी दिसतो आणि 'टक्' हा आवाज जवळजवळ अर्ध्या सेकंदाने कानावर येतो. हे मला आजही तितकंच आवडतं.

आता शिकण्याबद्दल, कारण बहुतेक लोक गळतात ते इथेच. पहिले काही आठवडे, काही ठिकाणी दोन-तीन महिनेसुद्धा, तुम्हाला लक्ष्यावर बाण सोडू देणार नाहीत. हलकं धनुष्य देतील आणि ते नुसतं ताणायला लावतील. ताणायचं, धरून ठेवायचं, हळूच परत आणायचं. दोरी रिकामी सोडायची मात्र कधीच नाही. रिकामी दोरी सुटली तर धनुष्य तडकतं. त्यानंतर येतो जुसाल: बाणाला दोरी बांधलेली असते, तो थोडा पुढे जातो आणि दोरीवरून परत येतो. म्हणजे बाण सुटण्याचा अनुभव मिळतो, पण तो कुठे लागला याची चिंता नसते. कंटाळवाणं वाटतं, कबूल. तरीही माझं ठाम मत आहे की हीच पायरी सगळ्यांत मोलाची आहे. लक्ष्य समोर आलं की शरीराकडे लक्ष राहतच नाही. ज्यांनी रिकामं धनुष्य मनापासून ताणलं, त्यांची ढब पाच वर्षांनीही वेगळी ओळखू येते.

दोरी बोटांनी ओढायची नाही, अंगठ्याने ओढायची. अंगठ्यात शिंगाची किंवा प्लॅस्टिकची अंगठी घालतात, तिला काक्जी म्हणतात. मुघल काळातल्या जेडच्या अशाच अंगठ्या तुम्ही एखाद्या संग्रहालयात पाहिल्या असतील. आशियातल्या घोडेस्वारांची ही जुनी पद्धत. उजव्या हाताने ओढत असाल तर बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी टेकतो. पाय ना एका रेषेत, ना पूर्ण फाकलेले. दोन्ही हात कपाळाच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि तिथून खाली उतरवत ताणायचं. डावा हात लक्ष्याकडे रेटायचा, उजवा कानामागे खांद्यापर्यंत न्यायचा. छाती मोकळी, श्वास पोटात. पूर्ण ताणल्यावर क्षण-दोन क्षण थांबायचं, मगच सोडायचं. घाई केली तर दोरी गालाला किंवा कानाला फटकारते. तसं झालं तर घाबरू नका, पण लगेच साबोमना, म्हणजे तिथल्या गुरुजींना सांगा. त्यांना बघताक्षणी कळतं की मान कुठे वळली.

वयाची काळजी सोडा. मैदानावर सत्तरीतले आजोबा-आजी भेटतील आणि ते तुमच्यापेक्षा जास्त बाण लावतील. खांदा आखडलेला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. १४५ मीटर गाठायला फार दणकट धनुष्य लागत नाही. हलक्या बाणाला, ताणायला साधारण पस्तीस पौंडाच्या आसपास जोर लागणारं धनुष्य पुरतं, आणि तिथवर हळूहळूच जायचं. मोठं धनुष्य लवकर घेण्याचा मोह पुरुषांना जास्त होतो आणि त्यांचेच खांदे आधी बोलायला लागतात.

रीतिरिवाज थोडे आहेत, पण ते पाळायचे असतात. आल्यावर वाकून नमस्कार. रांगेत उभं राहून प्रत्येकाने क्रमाने एकेक बाण सोडायचा. रेषेवर असताना बोलायचं नाही. दिवसाचा पहिला बाण सोडण्याआधी म्हणायचं, "ह्वाल पेउम्निदा", म्हणजे 'धनुष्य शिकतो आहे'. त्यावर बाकीचे म्हणतात, "मानी माच्चुसेयो", 'भरपूर बाण लागोत'. तीस वर्षं बाण मारणारे आजोबाही रोज हेच म्हणतात. कोरियन कच्चं असलं तरी ही दोन वाक्यं पाठ करून जा, अर्धी ओळख तिथेच होते. बाकी भाषा मैदानावरच सुधारेल, कारण बाण मारण्यापेक्षा चहा पिण्यात वेळ जास्त जातो.

पाच बाणांची एक फेरी, तिला सुन म्हणतात. कमरेला गुंगदे नावाचा लांब कापडी पट्टा बांधतात, त्यात पाच बाण खोचायचे, आणि घरी जाताना धनुष्य त्याच पट्ट्यात गुंडाळायचं. ही मोजणी जुनी आहे. कोरियाचे नौसेनापती यी सुन-शिन यांनी १५९२ ते १५९८ च्या जपानी आक्रमणाच्या काळात लिहिलेल्या रोजनिशीत 'आज दहा सुन बाण मारले' अशा नोंदी वारंवार येतात. लढाई, आजारपण, आईची काळजी आणि मधेच बाणांचा हिशेब. एका सुनमधले पाचही बाण लागले की त्याला मोलगी म्हणतात. पहिली मोलगी झाली की मैदान तुमचं कौतुक करतं आणि त्यानंतर तुम्हाला जोपजांग या मानाच्या नावाने हाक मारतात. ते व्हायला काहींना काही महिने लागतात, काहींना वर्षं. याच्या मागे धावू नका, पण झाली की खाऊ वाटायची तयारी ठेवा.

खर्चाचं बोलू. सुरुवातीचं धनुष्य म्हणजे फायबर किंवा कार्बनचं, केर्यांगगुंग. साधारण दोन-तीन लाख वॉनमध्ये चांगलं येतं. कार्बनचे बाण, अंगठी, पट्टा यांचे वेगळे. बाणांचं वजन अजूनही 'दोन' (आकडा नव्हे, मापाचं नाव) या जुन्या मापात सांगतात, एक दोन म्हणजे ३.७५ ग्रॅम, तेव्हा दुकानदाराने 'सात दोनचा बाण' म्हटलं तर गोंधळू नका. मैदानाचं प्रवेशशुल्क आणि महिन्याची वर्गणी ठिकाणानुसार खूप बदलते. दोनच वर्षं राहणार आहात, तेव्हा हे सगळ्यात आधी विचारा आणि मुक्कामाची मुदत स्पष्ट सांगा. पहिले दोन महिने स्वतःचं काही घेऊ नका. सरावाचं धनुष्य मैदानावर मिळतं, आणि तुमची ताकद व हाताची लांबी साबोमना कळल्यावर तेच योग्य माप सांगतात.

मग लोक हळूच गाकगुंगबद्दल सांगायला लागतील. हे खरं जुनं धनुष्य: पाणम्हशीचं शिंग, बांबू, तुतीचं लाकूड, बैलाचे स्नायू, मुठीला ओक, वरून बर्च झाडाची साल. हे सगळं जोडणारा गोंद माशाच्या फुग्यापासून करतात आणि तो मासा आपल्या घोळीच्या कुळातला! पालघर-सातपाटीकडे घोळीच्या भोताला सोन्याचा भाव येतो, तोच अवयव इथे शतकानुशतकं धनुष्य जोडतोय. दोरी काढली की गाकगुंग उलट्या बाजूला वळून जवळजवळ गोल होतं. दर वेळी ते ऊब देऊन, हाताने हळूहळू सरळ करत, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हे डोळ्यांनी बघत दोरी चढवायची. ओलावा त्याला सहन होत नाही. पावसाळ्यात ते ढिलं पडतं, म्हणून ते ऊबदार पेटीत ठेवतात. धनुष्य आणि बाण बनवणाऱ्या कारागिरांच्या कलेला सरकारने १९७१ मध्येच राष्ट्रीय अमूर्त वारशात घेतलं, तर बाण मारण्याच्या परंपरेला तो दर्जा २०२० मध्ये मिळाला. पाचव्या 'दान'च्या, म्हणजे कौशल्याच्या पाचव्या श्रेणीच्या, परीक्षेपासून गाकगुंग आणि बांबूचे बाण सक्तीचे असतात. दोन वर्षांच्या मुक्कामात ते विकत घेऊ नका. पण कोणी हातात दिलं तर जरूर ताणून पाहा. कार्बनचं धनुष्य सुटताना हाताला झटका देतं, हे देत नाही. एकदा तो मऊपणा कळला की आपण कशाची नक्कल वापरतोय ते लक्षात येतं.

सुवॉनला असणं हे तर तुमचं भाग्यच. ह्वासोंग किल्ल्याच्या पूर्वेला योनमुदे या जुन्या कवायतीच्या जागेपाशी पर्यटकांना थोडे पैसे घेऊन बाण मारू देतात. तिथलं अंतर खूप कमी आहे, त्यामुळे त्यावरून खऱ्या मैदानाचा अंदाज बांधू नका. पण दोरीची ओढ कशी असते हे कळायला एक दुपार चांगली जाईल. हा किल्ला ज्याने १७९४ ते १७९६ मध्ये बांधला तो राजा जोंगजो स्वतः जबरदस्त तिरंदाज होता. १७९२ मध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास बाण लावून शेवटचा त्याने मुद्दाम सोडून दिला, असं दरबारी नोंदी सांगतात. सुट्टीच्या दिवशी सोलला जाऊन इनवांगसान डोंगराच्या पायथ्याचं ह्वांगहाकजोंग हे मैदानही बघा. सम्राट गोजोंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजवाड्याच्या आवारात ते उभारलं आणि १९२२ मध्ये ते आजच्या जागी हलवण्यात आलं. लांबचा प्रवास जमला तर हानसान बेटावरचं मैदान सोडू नका; तिथे तिरंदाज एका काठावर, लक्ष्य दुसऱ्या काठावर आणि मधे समुद्राची खाडी.

पुण्याला परतल्यावर काय, हा प्रश्न अवघड आहे. १४५ मीटरचं सुरक्षित मैदान तिथे मिळणं कठीण. महाराष्ट्रात तिरंदाजी जोरात आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. पण ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या आधुनिक धनुष्याची, ५० मीटरची तिरंदाजी. अशा एखाद्या अकादमीत विचारून, त्यांच्या नियमांत राहून, वीस-तीस मीटरवर तुमचं कोरियन धनुष्य चालवता येईल. फक्त तिथल्या लक्ष्यासाठी बाणांची टोकं वेगळी लागतील. गच्चीवर, टेकडीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर बाण कधीही सोडू नका. हा बाण दीडशे मीटरच्या पुढेही सहज जातो. धनुष्य विमानात फक्त चेक-इन सामानातून न्यायचं, आणि आधी विमान कंपनीला विचारून.

सध्या एवढंच करा. नकाशावर कोरियन लिपीत 국궁장 शोधा, घराजवळची दोन-तीन ठिकाणं निवडा आणि शनिवारी सकाळी जाऊन नुसतं मागे बसा. सोबत फळं न्या. लोक नवख्यांशी कसे बोलतात, साबोम नवीन माणसाचा खांदा हात लावून सरळ करतात की लांबून ओरडतात, बायका किती आहेत, हे सगळं तासाभरात कळतं. जिथे तुम्हाला कोणी आपणहून चहा विचारेल, तिथे नाव घाला.